शैलाताईंची चाळण

"सांगितलंय" हा शब्द शैलाताईंना चालत नसे. ऑफिसात कुणी म्हणालं की वीजवाल्यांना सांगितलंय, पाणीवाल्याला सांगितलंय, मालकांना सांगितलंय, की ताई हातातलं काम थांबवायच्या, दोरीला बांधलेला चष्मा नाकावरून खाली घ्यायच्या आणि विचारायच्या, "कुणाला? नाव सांग." नाव सांगता आलं नाही तर रागावायच्या नाहीत. "मग नाही सांगितलंस," एवढं म्हणून पुन्हा कामाला लागायच्या. राग परवडला असता. त्या थंड आवाजाने माझं डोकं उठायचं.

माझी आणि त्यांची पहिली भेटच अशी झाली. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. नवऱ्याची बँकेतून बनारसला बदली झाली आणि मी नाशिकची पोरगी, कॉम्प्युटरचा कोर्स केलेली, गोदौलियाजवळ साडीच्या एका दुकानावर थाटलेल्या छोट्याशा कंपनीत प्रोग्राम लिहायला लागले. आठ कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि दिवसातून चारदा जाणारी वीज. पहिल्या दिवशी जिना चढून वर गेले तर समोर पन्नाशीच्या बाई, सुती साडी, अंबाड्यात पेन्सिल खोचलेली. मराठी दिसल्या म्हणून मी खूश होऊन म्हटलं, "मी मीनल कुलकर्णी. आल्याचं खाली सांगितलंय."

"कुणाला?"

"होते एक जण तिथे."

"नाव?"

नाव मी विचारलंच नव्हतं. "मग नाही सांगितलंस," बाई म्हणाल्या. "बस. पाणी पी. मालकांना मी बोलते." परक्या गावात आपलं माणूस भेटलं म्हणून भरून येणारा ऊर तिथल्या तिथे खाली बसला. घरी जाऊन नवऱ्याला म्हटलं, ऑफिसात एक खडूस बाई आहे, हिच्याशी माझं जमणं कठीण.

जमलं ते हळूहळू, आणि जमलं ते त्यांच्यामुळेच. दूधविनायकच्या गल्लीत त्यांचं घर. सात-आठ पिढ्या काशीत. वडील उपाध्ये, महाराष्ट्रातून क्रियाकर्मासाठी येणारी यात्रेकरू मंडळी त्यांच्याकडेच उतरायची. माझ्यासारख्या महाराष्ट्रातून आलेल्यांना त्या "देशावरचे लोक" म्हणायच्या आणि आमच्या बोलण्याला हसायच्या, आम्ही त्यांच्या. "मी नहाऊन येते", "तुला मालूम आहे का", "कशाला परेशान होतेस" असलं त्यांचं मराठी ऐकून मला सुरुवातीला हसू आवरायचं नाही. लग्न केलं नव्हतं. विद्यापीठातून गणित घेऊन एम.ए. झालेल्या, बरीच वर्षं शाळेत शिकवलं, आणि चाळिशी उलटल्यावर कॉम्प्युटर शिकल्या. जेवणानंतर अर्धं पान खायच्या. उरलेलं अर्धं मला. मी आधी नको म्हणायचे, मग मागून घ्यायला लागले.

त्यांच्या त्या "कुणाला"चं मूळ मला वर्षभराने कळलं. एका रविवारी आम्ही शिंदे घाटाकडून भोसले घाटाकडे पायऱ्यापायऱ्यांनी चाललो होतो. पूर ओसरून पंधरा दिवस झाले होते, पायऱ्यांवर अजून गाळ होता. एका जागी ताई थांबल्या. "इथे पाण्याखाली चौथी पायरी तुटकी होती," म्हणाल्या. "आता दुरुस्त झाली."

त्या पंधरा वर्षांच्या असताना घरी उतरलेल्या मंडळींना ही पायरी सांगायचं काम त्यांच्याकडे असे. रीत अशी की सांगायचं ते कर्त्या पुरुषाला. हात जोडून, आदबीने. मंडळी अकरा असोत की वीस, कर्त्याला सांगितलं म्हणजे सगळ्यांना सांगितलं. बायकांना वेगळं जाऊन सांगणं म्हणजे कर्त्याचा अपमान. त्या वर्षी साताऱ्याकडची मंडळी आली होती. कर्ते गृहस्थ आरशासमोर भांग पाडत होते. शैलाने सांगितलं, चौथी पायरी तुटकी आहे, डाव्या बाजूने उतरा. ते म्हणाले, "हो हो, कळलं." सकाळी त्यांची विधवा आत्या उजव्या बाजूने उतरली. डोक्याला मार लागला, तिसऱ्या दिवशी गेली.

"सगळे काय म्हणाले ठाऊक आहे? काशीत मरण आलं, सोनं झालं. बाबा म्हणाले, आम्ही सांगितलं होतं. ते कर्तेही म्हणाले, हो, यांनी सांगितलं होतं. कुणीच झूठ बोलत नव्हतं ग. म्हातारीलाच तेवढं मालूम नव्हतं."

त्यानंतर ताई मंडळींबरोबर स्वतः घाटावर जायला लागल्या. एकेकाचा दंड धरून सांगायच्या आणि विचारायच्या, "कितवी पायरी?" समोरचा "चौथी" म्हणेपर्यंत हात सोडायचा नाही. वडील चिडले, मंडळी चिडली, एकदोन घरं दुसऱ्या उपाध्यायांकडे गेली. ताईंनी सोडलं नाही.

हीच बाई पुढे प्रोग्राम तपासणार म्हटल्यावर काय होणार. त्यांनी एक प्रोग्रामच लिहिला होता, दुसऱ्यांचे प्रोग्राम तपासणारा. त्याचं नाव चाळण. आम्ही दिवसभर लिहायचो, पाच वाजता ताई ते सगळं चाळणीत घालायच्या, आणि प्रिंटर कर्रकर्र करत ओळींचे नंबर आणि त्यांपुढे चाळणीचे शेरे छापायचा. अक्षरं रोमन, भाषा मराठी; ऑफिसातल्या बाकीच्या पोरांनी ठरलेले शेरे पाठ केले होते. मालकांना एक अक्षर कळायचं नाही, म्हणून आम्हालाही बरं होतं. फाइल उघडून बंद करायची राहिली की शेरा यायचा, "भांडं उघडं राहिलं." प्रोग्राम एकाच जागी गरगरत राहणार असेल तर, "इथून परत कसं येणार?" आणि प्रोग्राम पडद्यावर कुणासाठी काही निरोप दाखवणार असेल, पण तो कोणासाठी आहे आणि त्या माणसाने तो वाचला का याची त्याच्या नावाने वेगळी नोंद होत नसेल, तर ठरलेला शेरा, "हे कुणाला सांगितलं?"

मला या चाळणीचा भयंकर राग यायचा. माणसाने तपासलं तर वाद घालता येतो, चार शब्द सुनावता येतात. कागदाशी काय भांडणार. ताईंनी एक पळवाट मात्र ठेवली होती. शेरा चुकीचा वाटला तर प्रोग्रामातच त्या ओळीपुढे कीबोर्डवरच्या तीन चांदण्या काढायच्या आणि आपल्या नावाची आद्याक्षरं टाकायची. मग चाळण ती ओळ सोडून द्यायची. "माणसाला कधी चाळणीपेक्षा जास्त मालूम असतं," ताई म्हणायच्या, "पण मग त्याने नाव लिहावं." आणि दर रविवारी घरी बसून अशा चांदण्यांच्या ओळी त्या स्वतः डोळ्यांनी वाचायच्या.

तेव्हा आमच्याकडे शहरातल्या एका इस्पितळाचं काम होतं. बारा वॉर्ड, बारा पडदे, सगळे तारांनी जोडलेले. त्यात वॉर्डच्या सिस्टरना सूचना दाखवायचा तुकडा माझ्याकडे आला. प्रोग्रामच्या भाषेत अशा स्वतंत्र तुकड्याला क्लास म्हणतात. माझा क्लास सूचना पडद्यावर आणायचा, खाली "समझ गए" असं बटण दाखवायचा, आणि सिस्टरनी ते दाबलं की सूचना काढून टाकायचा. मी तो आठवड्यात लिहिला आणि स्वतःवर खूश झाले. पाच वाजता कागद आला. ओळ तीनशे एक्केचाळीस : हे कुणाला सांगितलं?

मी मनात म्हटलं, आली बाईंची पायरी. सूचना म्हणजे भिंतीवरचा कागद. तो एकदा लावतात, एकदा काढतात. माणशी एक कोण लावतं? मी प्रत्येक सूचनेसाठी "पाहिली" अशी एकच खूण ठेवली होती. ऑफिसात मी एकटीने, एकाच मशिनवर बसून ती तपासली होती आणि ती झकास चालत होती. काम द्यायचा दिवस उद्यावर आला होता. मी तीन चांदण्या काढल्या आणि त्यापुढे माझी अक्षरं टाकली. ताई त्या महिन्यात रजेवर जाऊन-येऊन होत्या. वडील अंथरुणाला खिळले होते. रविवारचं वाचन राहून गेलं.

थंडीत एका सकाळी इस्पितळाच्या औषध भांडाराने सूचना लावली : अमुक नंबरच्या सलाइनच्या बाटल्या वापरू नका, कारखान्याने परत मागवल्या आहेत. दोन मिनिटांत पुरुषांच्या वॉर्डातल्या सिस्टरनी "समझ गए" दाबलं. एकच खूण होती, ती पडली, आणि सूचना बाराही पडद्यांवरून गेली. बायकांच्या वॉर्डात विमला सिस्टर होत्या. त्या पडद्याशी आल्या तेव्हा तिथे काही नव्हतं. दुपारी त्यांनी चुनारकडच्या एका म्हातारीला त्याच नंबरची बाटली लावली. म्हातारीला हुडहुडी भरली, ताप चढला, आणि तिसऱ्या दिवशी ती गेली. ती आधीच फार आजारी होती, बाटलीनेच गेली असं कुणालाच छातीठोक सांगता येईना. चौकशी मात्र बसली.

कोणी सूचना पाहिली होती याची यादी चौकशी समितीने मागवली. मालकांनी मलाच पाठवलं. यादीत बारा नावं, प्रत्येकापुढे "देखा" आणि वेळ. तो कागद टेबलावर ठेवताना माझं लक्ष वेळेकडे गेलं. बाराही नावांपुढे एकच वेळ होती, सेकंदासकट. बारा खोल्यांतल्या बारा बायका एकाच सेकंदाला बटण दाबतील कशा? प्रोग्राम एकाच खुणेवरून सगळ्यांपुढे "देखा" लिहीत होता. टेबलापलीकडच्या तिघांपैकी कुणाच्याही ते ध्यानात आलं नाही.

विमला सिस्टर तिशीच्या असतील. गाझीपूरकडच्या, बारीक चणीच्या, इस्त्रीचा पांढरा पोशाख. आधी त्या ठाम होत्या. "हमने नहीं देखा, साहब. स्क्रीन पर कुछ था ही नहीं." मग त्यांच्यापुढे कागद सरकवला. त्यांनी आपल्या नावावरून बोट नेलं, "देखा"वर थांबवलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "लिखा है, तो देखा ही होगा. दबा दिया होगा, याद नहीं." आणि सही केली.

मी तिथे होते. दोन हातांवर. मी तोंड उघडलं नाही. नोकरी जाईल ही भीती होती, नवऱ्याला काय सांगू ही होती, आणि सगळ्यात मोठी, ती म्हातारी आपल्या नावावर येईल ही होती. त्या बाईने माझ्या डोळ्यांदेखत स्वतःच्या आठवणीवरचा विश्वास सोडला आणि मी कागद गोळा करून जिना उतरले.

ताईंचे वडील त्याच आठवड्यात गेले. तेराव्यानंतर त्या कामावर आल्या, आणि आधी साठलेल्या चांदण्या वाचायला घेतल्या. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला मला हाक मारली. समोर कागद, तीनशे एक्केचाळिसावी ओळ, शेजारी चौकशीची यादी. यादी त्यांनी मालकांकडून मागून घेतली होती.

"ही चांदणी तुझी?"

"हो."

मला वाटलं, आता विचारतील का काढलीस. मी उत्तरं तयार ठेवली होती. काम द्यायची घाई, तुमची रजा, मालकांचा तगादा. त्यांनी ते विचारलंच नाही. "विमलाला मालूम आहे?" म्हणाल्या.

मी नाही म्हटलं. ताईंनी चष्मा काढला आणि पदराने पुसत बसल्या. काच स्वच्छच होती. त्यांच्याकडे बघायचा मला धीर होईना.

त्या दिवशी शेजारी बसून त्यांनी माझ्याकडून तो क्लास दुरुस्त करून घेतला. प्रत्येक सूचनेला प्रत्येक सिस्टरची वेगळी खूण. चाळणीने काही शेरा दिला नाही. दुसऱ्या दिवशी त्या इस्पितळात गेल्या, यादीतली ती एकच एक वेळ दाखवली आणि म्हणाल्या, चूक प्रोग्रामची आहे. कुणाची, असं विचारल्यावर म्हणाल्या, "तपासणी माझ्याकडे होती." खोटं नव्हतं ते. विमला सिस्टरवरचा ठपका मागे घेतला गेला. इकडे मालकांनी ताईंकडचं तपासायचं काम काढून घेतलं, चाळण बंद केली, नाहीतरी तिच्यात वेळ जातो म्हणाले. होळीच्या आत ताईंनी नोकरी सोडली आणि घरी गणिताच्या शिकवण्या सुरू केल्या. माझं नाव कुठेच आलं नाही. उलट ताईंची खुर्ची मला मिळाली, आणि मी तीत बसले.

विमला सिस्टरनी मात्र तोवर राजीनामा दिला होता. ठपका काढल्याचं पत्र आलं तरी त्या परतल्या नाहीत. ताई त्यांच्या घरी जाऊन आल्या, सगळं समजावून सांगितलं. तर त्या म्हणाल्या, "दीदी, आप हमारा मन रखने को कह रही हैं. कागज़ हमने अपनी आँख से देखा है."

ताईंनी मला घरी बोलावून हे सांगितलं. "मी सांगून काम नाही व्हायचं. तिला वाटतं मी भली आहे. तू जा. ओळ दाखव, चांदणी दाखव, तुझं नाव दाखव. तुझंच तिला पटेल. ती रात्रंदिवस हाच विचार करते की मी कधी दाबलं. बाईला खूळ लागेल ग."

जाते म्हटलं. पुढच्या रविवारी जाते म्हटलं. मग होळी आली, मग नवऱ्याला ताप आला, मग पाहुणे आले. ताई दर भेटीत अर्धं पान द्यायच्या आणि डोळ्यांत बघायच्या, तोंडाने विचारायच्या नाहीत. मी वेळ मारून न्यायचे. उन्हाळ्यात नवऱ्याच्या बदलीचा हुकूम आला.

निघायच्या आदल्या दिवशी मी तो कागद पर्समध्ये घालून शिवपूरला गेले. विमला सिस्टरच्या खोलीला कुलूप होतं. शेजारीण बाहेर खाटेवर पापड वाळत घालत होती. म्हणाली, आईकडे गेलीय, आठ दिवसांनी येईल. मला सुटल्यासारखं झालं, हे लपवून काय करू. मी तिलाच सांगितलं, की विमलाजींना म्हणावं, ऑफिसातली बाई येऊन गेली, चूक तुमची नव्हती, आमची होती. शेजारीण पापड उलटत म्हणाली, "हाँ हाँ, बोल देंगे." कागद पर्समध्येच राहिला.

तिथून सरळ दूधविनायकला गेले. ताईंनी ओटीचं ताट तयार ठेवलं होतं. माझ्या कपाळाला कुंकू लावायला त्यांनी बोट उचललं तेव्हा मी म्हटलं, "ताई, सांगून आले."

त्यांचा चेहरा असा उजळला की मला तिथेच रडू यायला हवं होतं. बोट तसंच हवेत धरून त्यांनी विचारलं, "कुणाला?"

"त्या नव्हत्या. शेजारणीला. ती सांगेन म्हणाली."

ताईंनी कुंकू लावलं, नारळ-तांदळाने ओटी भरली, पाठीवरून हात फिरवला. दारापर्यंत आल्या. त्यांच्या घराचा जिना अंधारा, दगडी. तिथे माझा दंड धरून म्हणाल्या, "तिसरी पायरी हलते. भिंतीकडून उतर." मी हो म्हटलं. हात सुटेना. "कितवी?"

"तिसरी," मी म्हटलं. मग त्यांनी हात सोडला.

त्यानंतर त्या मला भेटल्या नाहीत. दिवाळीला पत्र यायचं. शिकवण्यांचं, गंगेच्या पाण्याचं, गुडघ्यांचं. विमला सिस्टरचा विषय त्यांनी कधी काढला नाही. मी काढला नाही. सात-आठ वर्षांनी त्यांच्या पुतण्याचं कार्ड आलं, की आत्या गेली. त्यावर "सर्वांना कळवावे" असं छापलेलं होतं, पण त्याखाली पेनने माझं नाव वेगळं लिहिलं होतं. तशी आत्याची सूचना होती, असं त्याने लिहिलं होतं. ते वाचून मी ओट्यापाशी जमिनीवर बसले आणि पोटभर रडले.

मग मात्र शोधायला लागले. शिवपूरच्या पत्त्यावर दोन पत्रं पाठवली, दोन्ही परत आली. इस्पितळात विचारलं, तिथे आता त्यांना ओळखणारं कुणी नाही. गाझीपूरकडचं गाव मी कधी विचारूनच ठेवलं नव्हतं. तो कागद अजून माझ्याकडे आहे. शाई उडालीय, पण चांदण्या आणि माझी अक्षरं वाचता येतात.

म्हणून हे इथे लिहिलं. ओळ तीनशे एक्केचाळीस माझी होती, चांदण्या माझ्या होत्या. विमला सिस्टरनी काही दाबलं नव्हतं. त्यांना आठवत होतं तेच खरं होतं, त्यांच्या पडद्यावर काही नव्हतंच. आज इतक्या वर्षांनी मी हे सगळ्यांना सांगितलं.

विमला सिस्टरना मराठी येत नाही.